दूध खाली, दही समोर

मे महिन्यातल्या एका दुपारी मी आमच्या फ्रिजला भोक पाडलं.

मुद्दाम नाही. फ्रीझर साफ करायला घेतला होता. फ्रिज एका दाराचा, जुना. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण अमेरिकेला निघाला तेव्हा त्याच्याकडून घेतलेला. आत वरच्या अंगाला ॲल्युमिनियमचा फ्रीझर आणि त्याच्याखाली पाणी पडायला एक पसरट ट्रे. डिफ्रॉस्टचं बटण आमच्याकडे यायच्या आधीच मोडलेलं होतं. त्यामुळे फ्रिज बंद करायचा, दार उघडं टाकायचं आणि बर्फ वितळायची वाट बघायची, एवढंच हातात. नोएडात तेव्हा दिवसातून कितीदा तरी लाइट जायची. लाइट गेली की बर्फ थोडा वितळायचा, आली की पुन्हा गोठायचा. असं होता होता त्याचा दगड व्हायचा आणि फ्रीझरचं छोटं दार मिटेनासं व्हायचं.

त्या दिवशी बर्फाचा ट्रे आत पुरता अडकला होता. मी फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, खाली फडकी पसरली, थोडा वेळ वाट पाहिली. मग उलथन्याने कडेकडेने खरवडायला लागले. उलथनं वाकलं. तेव्हा मी नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हर आणला. एक मोठी लादी सुटत आली होती. ती हलत होती, पण पडत नव्हती. मी जोर लावला. लादी पडली, आणि तिच्यामागून फुस्स असा आवाज सुरू झाला.

मी पटकन त्या जागेवर अंगठा दाबून धरला. कापलेल्या बोटातलं रक्त थांबवावं तसा. काहीतरी तेलकट वास आला. अंगठा गारठून बधिर झाला तरी मी तशीच उभी होते. हळूहळू आवाज आपोआपच थांबला. आत काही उरलंच नव्हतं, म्हणून थांबला.

आम्हाला नोएडात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सेक्टर नवा होता. रस्ते आखलेले होते, खांब उभे होते, पण निम्म्या प्लॉटांवर अजून विटांचे ढीग होते. आमच्या इमारतीत तीनच घरांत माणसं राहत होती: आम्ही पहिल्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात एक कानपूरचं कुटुंब, आणि तळमजल्यावर एक पंजाबी जोडपं. नवरा सकाळी चार्टर्ड बसने जायचा तो संध्याकाळी यायचा. त्याच्या कंपनीत रोज नवी माणसं भरती होत होती, तो घरी आला की उत्साहाने तेच सांगायचा. मला सांगण्यासारखं काही नसायचं. नाशिकला मी मराठी शाळेत गणित शिकवत होते. इथे माझं हिंदी ऐकून भाजीवालाही दोनदा विचारायचा, "क्या बोला?" म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. सासूबाईंना पत्रात लिहिलं होतं, की घर छान आहे, हवा भरपूर आहे, पण इथे आपलं असं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने फ्रीझरवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गैस निकल गई. टाँका टिकेगा नहीं. फ्रीझर बदलना पड़ेगा." पुराना मॉडेल असल्यामुळे माल मागवावा लागेल, दोन-तीन दिवस लागतील, असं सांगून त्याने फ्रिज दोरीने बांधून जिन्यावरून उतरवला आणि हातगाडीवर घालून नेला. तो पुढे प्रत्येक वेळी "बस, दो-तीन दिन" असंच म्हणत राहिला. त्यामुळे दुसरा फ्रिज घ्यायचा की नाही, याचा निर्णयही आम्हाला कधी करता आला नाही.

फ्रिज उतरवताना जो दणदणाट झाला, तो ऐकून तळमजल्यावरच्या आंटी बाहेर आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. उंच, गोऱ्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. त्यांचे यजमान दिवसभर दिल्लीत आपल्या दुकानावर असत. आजवर त्यांच्याशी माझं नमस्तेपलीकडे बोलणं नव्हतं.

"क्या हुआ, बेटा?"

"मेरे फ्रिज का हवा निकल गया," मी म्हणाले. "मैं बर्फ खरवडत थी."

त्यांनी 'खरवडत' हा शब्द मनात एकदा घोळवला असावा. पण हसल्या नाहीत, हे मला आजही आठवतं. म्हणाल्या, "दूध है घर में? ले आओ. इस गर्मी में घंटा भर नहीं टिकेगा."

मी दूध नेलं. त्यांनी फ्रिज उघडून वरचा खण मोकळा केला, भाज्याही आणायला लावल्या. मी दुसऱ्या फेरीला भाजीची टोपली घेऊन निघाले, तेव्हा समोरचं दार उघडलं. कानपूरच्या भाभी माझ्याच वयाच्या, दोन लहान मुलींची आई. जिन्यात त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"नीचे रख रही हैं?" त्या म्हणाल्या. "हम तो दरवाजे के सामने बैठे हैं, हमको नहीं बोला आपने."

मग दही आणि कणकेचा गोळा त्यांच्याकडे गेला. तेव्हापासून माझं स्वयंपाकघर असं वाटलं गेलं. दूध-भाजी खाली, दही-कणीक समोर. बर्फ जिथे असेल तिथून.

मला लवकरच कळलं, की या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. होळीपासून. भांडण पाण्याचं होतं. सकाळी नळाला पाणी यायचं ते थोडा वेळ. भाभींच्या नवऱ्याने पाइपला मोटर लावली होती, ती सुरू झाली की पाणी वर ओढलं जायचं आणि आंटींच्या नळाला नुसती हवा यायची. आंटींनी एकदा जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं. भाभींनीही उत्तर दिलं. तेव्हापासून दोघी समोरासमोर आल्या तरी नजर वळवत.

आणि आता मी रोज दोघींच्या स्वयंपाकघरात. मी दूध घ्यायला गेले की आंटी विचारत, "दही ऊपर जमता है ठीक से? बच्चियाँ तो सारा दिन फ्रिज खोलती होंगी." वर गेले की भाभी विचारत, "आंटीजी के फ्रिज में क्या-क्या रहता है?" मी दोन्हीकडे "अच्छा है, सब अच्छा है" म्हणायचे. माझं हिंदी तेवढ्यापुरतं पुरेसं होतं. खरं तर दोघींचेही फ्रिज मला पाठ झाले होते. आंटींकडे औषधं, पाण्याच्या बाटल्या आणि आवळ्याचा मुरंबा. दोन माणसांचं मोजकं सामान. भाभींकडे मुलींसाठी गुलाबाचं सरबत, कापलेलं खरबूज आणि फ्रीझरमध्ये माझ्यासारखाच बर्फाचा डोंगर.

"इसको पेचकस मत लगाना," स्क्रूड्रायव्हरसाठी मेकॅनिककडून उचललेला शब्द वापरून मी त्यांना सांगितलं. भाभी इतक्या हसल्या की त्यांना कट्ट्याला धरावं लागलं. मग मीही हसले. त्या घरात आल्यापासून मी असं मोठ्याने पहिल्यांदाच हसत होते, हे मला हसताना जाणवलं.

दूध घ्यायला जाणं पुढे पुढे लांबत गेलं. आंटी मला बसवून घ्यायच्या. मी गणित शिकवत होते, हे कळल्यावर त्यांनी मला नीट निरखलं. "तो घर में क्यों बैठी हो?"

"हिंदी नहीं आता. इंग्लिश बोलने को डर लगता है."

"हिंदी नहीं आती," त्यांनी दुरुस्त केलं. "और त्रिकोण को हिंदी आती है क्या?"

शेजारच्या सेक्टरात एक नवी शाळा निघत होती. तिथे गणिताला शिक्षक हवे होते. आंटींनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, आणि मग दुधाच्या पातेल्यासकट मला स्वयंपाकघरात उभं करून इंग्रजीत धडा घ्यायला लावला. मी फळ्याऐवजी फ्रिजच्या दारावर बोटाने त्रिकोण काढायचे. त्या वेताच्या मोढ्यावर बसून विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारायच्या, मुद्दाम चुकीचे, वात्रट. पहिल्या दिवशी मी दोन वाक्यांत अडखळले. काही दिवसांनी अडखळले तरी थांबेनाशी झाले. वर भाभींना हे कळल्यावर त्यांनी इंटरव्ह्यूला नेसायला आपली फिकट निळी सुती साडी इस्त्री करून दिली. "आपकी साड़ियाँ शादी वाली हैं सब," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

इंटरव्ह्यू गुरुवारी होता. सासू-सासरे नाशिकहून शुक्रवारी यायचे होते. सासूबाईंसारखा मीही तेव्हा गुरुवारचा उपास करायचे. सकाळी भिजवलेला साबुदाणा उन्हाळ्यात आंबू नये म्हणून आंटींच्या फ्रिजमध्ये ठेवला, घराला कुलूप लावलं आणि सायकलरिक्षाने शाळेत गेले.

पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी ते नंतर इतक्यांदा सांगितलं, की मला मी तिथे होते असंच वाटतं.

त्यांना आदल्या दिवसाच्या गाडीचं तिकीट मिळालं होतं. आमच्याकडे फोन नव्हता. त्यांनी तार केली. ती त्यांच्यानंतर आली. भर दुपारी रिक्षातून उतरून दोघं सामान ओढत पहिल्या मजल्यावर आली, तर दाराला कुलूप. बाहेर भाजणारी गरम लू वाहत होती. सासरे जिन्यातच ट्रंकेवर बसले. आवाज ऐकून भाभींनी दार उघडलं.

"आप मम्मीजी हैं? नासिक से? अरे, अंदर आइए, अंदर आइए!"

त्यांनी दोघांना कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं, सरबत केलं. सासरे सरबत प्यायले. सासूबाईंनी हाताने नको म्हटलं. त्यांचं हिंदी माझ्याहून कच्चं. "मेरा आज उपास," त्या म्हणाल्या. "गुरुवार. निर्जळी नाही, पण असलं काही नाही चलता. दूध चलता."

भाभींच्या घरातलं दूध सकाळच्या लाइट जाण्यात नासलं होतं. त्यांनी आपला फ्रिज उघडला. माझं दही होतं, माझी कणीक होती. सासऱ्यांच्या पोळ्यांची सोय झाली. पण दूध खाली होतं. साबुदाणाही खाली होता, हे त्यांना ठाऊक होतं, कारण सकाळी मीच बोलता बोलता सांगितलं होतं.

सासूबाई सांगायच्या, की ती पोरगी फ्रिजचं दार धरून कितीतरी वेळ नुसती उभी होती. त्यांना वाटलं, हिला बरं वाटत नाहीये. मग तिने पदर खोचला, मोठ्या मुलीला आजी-आजोबांजवळ बसवलं आणि खाली गेली. दारं उघडीच होती, त्यामुळे पुढचं सगळं वर ऐकू आलं. बेल वाजली. दार उघडलं.

मग आंटींचा आवाज आला. "हाँ, बोलो."

"इनके सास-ससुर आए हैं. ऊपर, हमारे यहाँ बैठे हैं. माताजी का व्रत है." थोडं थांबून, "दूध आपके पास है."

"और ये लड़की?"

"इंटरव्ह्यू से लौटी नहीं."

मग भांड्यांचा आवाज, आणि जिन्यावर दोघींची पावलं. आंटी दूध आणि साबुदाणा स्वतः घेऊन वर आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्या कधी जिना चढत नसत. भाभींनी त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं, आणि त्यांनी ते घेऊ दिलं.

खरी गंमत खिचडी करताना झाली. सासूबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. कूलरसमोरून उठून त्या ओट्यापाशी गेल्या. दाण्याचं कूट कसं हवं, ते मराठीत सांगितलं, आणि दोघींना ते कळलं. जिऱ्याची फोडणी झाली. मग त्यांनी मिठाच्या बरणीत चमचा घातला.

"ना, ना, ना!" आंटी ओरडल्या.

"माताजी, ये नहीं!" भाभी ओरडल्या. "व्रत में सादा नमक नहीं चलता!"

"आमच्याकडे चलता," सासूबाई म्हणाल्या.

"बिल्कुल नहीं चलता. सेंधा नमक चलता है."

"हमारे यहाँ भी सेंधा ही," भाभी आंटींकडे वळून म्हणाल्या. मघाचा निरोप सोडला तर होळीनंतर त्यांच्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"और क्या! सबके यहाँ सेंधा होता है," आंटी त्यांना म्हणाल्या. "इनको कोई समझाओ."

मग कानपूर आणि पंजाब एक झाले आणि नाशिक एकटं पडलं. भाभींच्या घरातलं सैंधव संपलं होतं. आंटींनी मोठ्या मुलीला खाली पिटाळून आपल्या घरची पुडी मागवली. सासूबाईंनी आयुष्यभर साध्या मिठाची खिचडी खाल्ली होती. त्या दिवशी त्यांनी सैंधवाची खाल्ली. "काय करणार," त्या सांगायच्या, "त्या दोघी, मी एकटी. आणि हो, चवीला वाईट नव्हती."

मी परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शाळेत बरेच उमेदवार होते. सगळ्यांना एकेक तास घ्यायला लावला होता, माझा नंबर शेवटचा होता. घशाला कोरड पडलेली, भाभींच्या निळ्या साडीला घामाने चुण्या पडलेल्या. जिन्यात पाऊल ठेवलं आणि वरून हसणं ऐकू आलं. त्यात एक हसणं मी ओळखत होते, पण ते इथे कसं असेल?

भाभींच्या दारात येऊन बघते तर सासरे दिवाणावर गाढ झोपलेले. खाली चटईवर सासूबाई, आंटी आणि भाभी. मधे रिकाम्या ताटल्या. आंटी सासूबाईंना पंजाबीमिश्रित हिंदीत काहीतरी सांगत होत्या आणि सासूबाई त्यांना मराठीत उत्तर देत होत्या.

मी घाबरून पाया पडायला वाकले. "आई, तुम्ही उद्या येणार होतात ना? मी घरी नव्हते, आणि फ्रिजपण…"

"कळलं सगळं," सासूबाई म्हणाल्या. "स्क्रूड्रायव्हरचं पण कळलं. अगं, तुझं दूध हिच्याकडे, दही तिच्याकडे. तुझ्या घरात आहे तरी काय?"

त्यांच्या आवाजात राग आहे का, हे मी शोधत होते.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी खिचडी झाकून ठेवलीय. आणि ऐक. तुझं पत्र आल्यापासून मला झोप लागत नव्हती. ह्यांना म्हटलं, चला, पोर एकटी पडलीय, दोन महिने जाऊन राहू. इथे येऊन बघते तर तुझं दही शेजारणीच्या फ्रिजमध्ये; आमच्या आळीत कुणाच्या फ्रिजमध्ये माझं दही नाही, इतकी वर्षं राहून. दोन महिने कशाला राहायचं आता? आंबे संपले की जाऊ."

आंटींना मराठी कळलं नाही, पण सूर कळला. त्यांनी मला विचारलं, "पढ़ाया? कैसा हुआ?"

"बीच में एक बार अटक गई," मी म्हणाले. "फिर चलती रही."

"अटक गई," त्या भाभींना म्हणाल्या. "देखा? 'अटक गया' नहीं बोली."

पाण्याचं भांडण त्या दिवशी मिटलं असं म्हणता येणार नाही. त्याबद्दल कुणी अक्षरही काढलं नाही. पण पुढच्या आठवड्यात केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की सकाळी भाभींची मोटर उशिरा सुरू होते. आधी खालून बादल्या भरल्याचा आवाज येतो, आंटींचा नळ बंद होतो, आणि मग वर घरघर सुरू होते. एखाद्या दिवशी चुकायचं. मग जिन्यात थोडं मोठ्याने बोलणं व्हायचं, आणि संध्याकाळी वाटीभर काहीतरी खालून वर किंवा वरून खाली जायचं.

शाळेतून निरोप आला. मला घेतलं होतं. आंटींनी मला तो कागद हिंदीत नव्हे, इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवायला लावला. नवरा त्या दिवशी घरी आला तेव्हा पहिल्यांदाच त्याच्याआधी मी बोलायला लागले, आणि तो बूट हातात धरून ऐकत राहिला.

फ्रिज आला तो पाऊस लागल्यावर. मेकॅनिकने नवा फ्रीझर बसवला होता, गॅस भरला होता. मी खालून दूध आणलं, समोरून दही आणलं. आंटी म्हणाल्या, "चलो, अब तो तुम आओगी नहीं." मी म्हटलं, "आऊँगी ना. पाठ लेने." त्या म्हणाल्या, "पाठ लेने नहीं, पाठ सुनाने." आमच्यात हे पुढे अनेक वर्षं चाललं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी फ्रीझर डिफ्रॉस्ट करायला काढला. बर्फ फार नव्हता, पण साचू द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. फ्रिज बंद केला, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, फडकी अंथरली आणि त्याच्यासमोरच पाट टाकून बसले. मांडीवर आठवीचं गणिताचं पुस्तक. पहिला धडा इंग्रजीत मोठ्याने म्हणत होते. मधून मधून एखादा तुकडा टपकन ट्रेमध्ये पडायचा. नवरा दोनदा येऊन विचारून गेला, "अगं, मदत करू का?" मी म्हटलं, "काही करायचं नाही त्यात. नुसतं थांबायचं असतं."

धडा संपत आला तेव्हा खाली ट्रकचा आवाज झाला. मी बाल्कनीत गेले. समोरच्या इमारतीत, जिथे इतके दिवस खिडक्यांना काचाही नव्हत्या, तिथे सामान उतरत होतं. खाट, सिलिंडर, पोत्यात गुंडाळलेली भांडी. एक तरुण बाई डोक्यावरून ओढणी घेऊन भांबावल्यासारखी रस्त्यात उभी होती आणि हमाल तिचा फ्रिज ट्रकमधून आडवा करून उतरवत होते.

मी कठड्यावरून वाकले.

"बहनजी!" मी ओरडले. "फ्रिज अभी चालू मत करना! पहले थोड़ी देर सीधा खड़ा रहने दो. और दूध हो तो ऊपर ले आओ!"

तिने मान वर करून मला शोधलं, आणि मग हात हलवला.